टायरमधील हवा : वाहनाचा ताबा आणि प्रवाशांची सुरक्षितता

यवतमाळ जिल्ह्याचे जीवन रस्त्यांवर चालते. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरील ‘शकुंतला’ धावेनाशी झाल्यापासून तर जिल्ह्याच्या मोठ्या भागाची सारी भिस्त रस्त्यांवरच आहे. शेतकऱ्याचा कापूस जिनिंगपर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातो. वणी परिसरातील कोळसा ट्रकमधून वाहून नेला जातो. रुग्णाला सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या रुग्णालयात न्यावयाचे, तरी मोटार हेच साधन. नागपूर–हैदराबाद महामार्ग वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जिल्ह्यातून जातो, तर नागपूर–तुळजापूर महामार्गाने यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड ही गावे जोडली आहेत. रस्ते रुंद झाले, गुळगुळीत झाले आणि त्याबरोबर वाहनांचा वेगही वाढला. वेग वाढला की ज्या गोष्टीकडे एरवी कोणाचे लक्ष जात नाही, ती जीवनमरणाची ठरते. टायरमधील हवेचा दाब ही अशीच एक गोष्ट होय.

अपघातानंतर “टायर फुटला” हे दोन शब्द कानी पडतात आणि चर्चा तेथेच संपते. जणू काही वीज कोसळावी तसा टायर फुटतो आणि त्यास कोणीच जबाबदार नसते! ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य या तिघांनीही करणे अगत्याचे आहे.

तळहाताएवढी जागा

मोटारीचे वजन कोण पेलतो, असे विचारले असता बहुतेक जण “टायर” असे उत्तर देतील. वस्तुतः ते वजन मुख्यतः टायरमध्ये कोंडलेली हवा पेलते. रबर व त्यातील धागे त्या हवेला आकारात धरून ठेवण्याचे काम करतात. याचे गणित सोपे आहे. १,२०० किलो वजनाच्या मोटारीच्या प्रत्येक चाकावर सरासरी ३०० किलो भार येतो. टायरमध्ये ३२ पौंड हवा आहे, असे आपण म्हणतो तेव्हा दर चौरस इंचावर ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे सव्वादोन किलो दाब आहे, असा त्याचा अर्थ असतो. ३०० ला सव्वादोनने भागले की १३३ चौरस सेंटिमीटर येतात. एका टायरचा रस्त्याशी होणारा स्पर्श साधारणपणे एवढाच, प्रौढ माणसाच्या तळहाताएवढा!

वळण घेणे, ब्रेक लावणे, वेग वाढवणे ही मोटारीची सर्व कामे या चार तळहातांच्या पकडीवर अवलंबून असतात. इंजिन कितीही शक्तिमान असो आणि ब्रेक कितीही उत्तम असोत, रस्त्याला धरून ठेवणारी जागा एवढीच. या जागेचा आकार, तिच्यावरील भाराची वाटणी आणि टायरच्या बाजूच्या भिंतींचा ताठरपणा या तिन्ही गोष्टी हवेच्या दाबाने ठरतात.

दाब कमी, दाब जास्त

दाब कमी असला की टायर पसरतो. स्पर्शाची जागा वाढते. मग पकडही वाढेल, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात भार टायरच्या दोन्ही कडांवर सरकतो व मधला भाग सैल पडतो. बाजूच्या भिंती लवचीक होतात. चालकाने स्टिअरिंग फिरवले तरी टायर आधी पिळवटतो आणि मग वळतो. त्यामुळे स्टिअरिंग जड लागते, मोटार उशिरा प्रतिसाद देते आणि एकाएकी वळावे लागले तर ती डोलते.

कोणत्या चाकात हवा कमी आहे, यावरही परिणाम अवलंबून असतो. पुढच्या दोन्ही चाकांत हवा कमी असेल तर मोटार वळणावर पुरेशी न वळता बाहेरच्या बाजूला सरकत जाते. मागच्या चाकांत कमी असेल तर मागचा भाग घसरून मोटार स्वतःभोवती फिरू पाहते. सामान्य चालकाला हे सावरणे फार कठीण जाते. एकाच बाजूच्या चाकात हवा कमी असेल तर मोटार त्या बाजूला ओढली जाते आणि जोराने ब्रेक लावताच ही ओढ एकदम वाढते.

दाब प्रमाणापेक्षा जास्त असणेही हितावह नाही. टायर मध्यभागी फुगतो व स्पर्शाची जागा आक्रसते. खडबडीत रस्त्यावर चाक उसळते. उसळलेले चाक जितका वेळ हवेत, तितका वेळ त्यावर ना ब्रेक चालत ना स्टिअरिंग. खड्ड्याच्या धारेवर आपटल्यास असा ताणलेला टायर चटकन दुखावतो. टायरच्या झिजेवरूनही निदान करता येते : कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली गेली आणि मध्यभाग झिजला असेल तर जास्त, असे सामान्यतः समजावे.

शर्यतीच्या मोटारींवरून घ्यावयाचा धडा

हे शास्त्र सर्वांत सूक्ष्मपणे पाळले जाते ते स्पोर्ट्स कार व शर्यतीच्या मोटारींच्या बाबतीत. या मोटारींचे टायर रुंद आणि त्यांच्या भिंती आखूड व ताठ असतात, म्हणून स्टिअरिंगच्या किंचितशा हालचालीलाही त्या तत्काळ प्रतिसाद देतात. मात्र याच कारणाने दाबातील एक-दोन पौंडांचा फरकही त्यांच्या वळण्यात जाणवतो. शर्यतीच्या मैदानावर पुढच्या व मागच्या चाकांतील दाब वेगवेगळा ठेवून मोटारीचा तोल साधण्यात येतो. टायर तापला की दाब वाढतो, हे जाणून त्याचा हिशेब आधीच मांडलेला असतो. फॉर्म्युला वन शर्यतींत तर टायरमधील दाब किमान किती असावा, हे टायर पुरविणारी कंपनी ठरवून देते व ती मर्यादा सर्व संघांवर बंधनकारक असते.

आपल्या जिल्ह्यात अशा मोटारी क्वचितच दिसतील. पण त्यांच्या दिसण्याचे अनुकरण मात्र दिसते. साध्या मोटारीला रुंद टायर व मोठ्या रिम बसविण्याची हौस तरुणांमध्ये वाढली आहे. टायरचे माप बदलले की निर्मात्याने त्या मोटारीसाठी ठरवून दिलेला दाब जसाच्या तसा लागू राहत नाही, ही गोष्ट या हौसेत विसरली जाते. शर्यतीचा चालक मैदानावर उतरण्यापूर्वी दाब मोजतो. कुटुंबाला घेऊन महामार्गावर निघणारा गृहस्थ टायरला पायाने ठोकर मारून पाहतो आणि समाधान मानतो. अनुकरण करावयाचेच तर ते रुंद टायरचे न करता दाब मोजण्याच्या सवयीचे करावे.

टायर का फुटतो?

टायर फिरताना त्याचा जो भाग रस्त्यावर येतो तो दबतो आणि वर गेला की पूर्ववत होतो. ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगात हे दबणे-उलगडणे सेकंदाला दहा-पंधरा वेळा घडते. तार एकाच ठिकाणी वारंवार वाकवली तर ती तापते व अखेर तुटते, हा सर्वांच्या अनुभवातील प्रकार आहे. हवा कमी असलेल्या टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, म्हणून अधिक तापतात. ही उष्णता साचत गेली की रबर आणि आतील धाग्यांचे थर यांची जोडणी सुटू लागते. वरून काहीच दिसत नाही. मग एखाद्या क्षणी, बहुधा वेग जास्त असताना आणि भार पूर्ण असताना, टायर फाटतो. उन्हाळ्यात डांबराचा रस्ता तापलेला असतो. त्याने या क्रियेला हातभार लागतो. फुटण्याचा क्षण अचानक आला असे वाटले, तरी त्याची पूर्वतयारी अनेक दिवसांपासून चाललेली असते.

“उन्हाळ्यात टायर फुटतात, म्हणून हवा कमी ठेवावी” हा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. वरील विवेचनावरून तो किती घातक आहे, हे ध्यानात येईल. हवा कमी ठेवल्याने टायर थंड राहत नाही. उलट अधिक तापतो.

उन्हाळा, हिवाळा आणि पावसाळा

यवतमाळच्या हवामानात दाबाचा हिशेब विशेष काळजीने ठेवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तर हिवाळ्यात पहाटे तो १२ अंशांच्या आसपास उतरतो. बंद जागेतील हवा तापली की तिचा दाब वाढतो व थंड झाली की घटतो, हा नियम शाळेत शिकवला जातोच. त्यानुसार ४२ अंशांना ३२ पौंड भरलेली हवा १२ अंशांना साडेसत्तावीस पौंडांच्या जवळ येते. शिवाय निर्दोष टायरमधूनही दरमहा सुमारे एक पौंड हवा हळूहळू निसटते. मे महिन्यात हवा भरून डिसेंबरपर्यंत टायरकडे न पाहणाऱ्या मोटारमालकाचा टायर बाहेरून ठीक दिसतो, पण आतून तो खंगलेला असतो.

म्हणूनच दाब टायर थंड असताना, म्हणजे मोटार किमान तीन तास उभी राहिल्यानंतर मोजावा. लांबच्या प्रवासात दाब चार-पाच पौंडांनी वाढणे स्वाभाविक आहे. निर्मात्याने सांगितलेला आकडा थंड टायरसाठी असतो आणि त्यात ही वाढ गृहीत धरलेली असते. गरम टायरमधून हवा सोडणे ही चूक होय.

पावसाळ्यात आणखी एक धोका संभवतो. रस्त्यावर पाणी साचले असता वेगाने जाणारा टायर पाणी बाजूला सारू शकत नाही व पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. अशा वेळी स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही निकामी होतात. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून १९६३ मध्ये असे दाखवून दिले की, तरंगण्याचा हा वेग टायरमधील दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्राने ३२ पौंडांना हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर, २४ पौंडांना ८२ आणि १८ पौंडांना ७१ किलोमीटर येतो. मोटारीच्या टायरची नक्षी, रुंदी व पाण्याची खोली यांनुसार आकडे बदलतील. पण हवा कमी असेल तर धोका कमी वेगातच सुरू होतो, हे स्पष्ट आहे. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येणारी काळी माती ओली झाली की घसरण आणखी वाढते, याचा अनुभव जिल्ह्यातील प्रत्येक वाहनचालकाला आहे.

दैव की हयगय?

टायर फुटणे ही दैवी आपत्ती मानावी काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. २५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचे मागचे चाक फुटले, मोटार दरीत कोसळली आणि ३८ वर्षांच्या एका प्रवाशाचा मृत्यू झाला. पुण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. टायर फुटणे ही दैवी घटना असल्याने आपले दायित्व नाही, असे म्हणत विमा कंपनीने अपील केले. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी २०२३ मध्ये ते अपील फेटाळले. ज्यास कोणीही मनुष्य जबाबदार नाही, अशी अनपेक्षित नैसर्गिक घटना म्हणजे दैवी आपत्ती. टायर फुटणे त्यात मोडत नाही, ती मानवी हयगय होय, असे न्यायालयाने नमूद केले. टायर फुटण्याच्या कारणांत अतिवेग, कमी हवा, जास्त हवा आणि जुने टायर यांचा उल्लेख निकालात आहे.

दुसरी घटना यवतमाळकरांच्या मनाला अधिक जवळून भिडणारी आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक उलटली व पेटली. २५ प्रवासी प्राणांस मुकले. ती बस यवतमाळच्या एमएच-२९ या क्रमांकाने नोंदलेली होती. टायर फुटल्याने अपघात झाला, असे चालकाने सांगितले. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने पाहणी करून दिलेल्या अहवालात मात्र हा दावा नाकारण्यात आला. घटनास्थळी फुटलेल्या टायरचे रबरी तुकडे वा खुणा आढळल्या नाहीत. या दोन्ही घटना एकत्र पाहिल्या की एक गोष्ट दिसून येते. टायर खरोखर फुटला असेल तर त्यामागे बहुधा कोणाची तरी हयगय असते आणि फुटलाच नसेल तर तो शब्द खऱ्या कारणावर पांघरूण घालतो. समृद्धी महामार्गावर २०२३ पासून परिवहन विभागाने टायरची तपासणी हाती घेतली आणि झिजलेल्या टायरच्या वाहनांना अटकाव केला, तो याच जाणिवेतून.

जगात व देशात

अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. फोर्डच्या ‘एक्सप्लोरर’ या उंच मोटारींना ते बसविलेले होते. टायरचे थर सुटून मोटारी उलटत होत्या आणि या अपघातांतील मृत्यूंची संख्या पुढे २७१ पर्यंत गेली. टायरमधील दोषाबरोबरच त्या मोटारीसाठी सुचविलेला २६ पौंडांचा कमी दाब हाही वादाचा विषय ठरला. त्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि २००७ च्या सप्टेंबरपासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनात दाब कमी होताच दिवा लावणारी यंत्रणा सक्तीची करण्यात आली. ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के घट झाली की हा दिवा लागतो. युरोपातील नव्या मोटारींना नोव्हेंबर २०१४ पासून अशीच यंत्रणा बंधनकारक आहे.

आपल्या देशात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर, तर दुचाकी व तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर असावी लागते. २०२० मधील दुरुस्तीने ट्यूबलेस टायर, दाबदर्शक यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीपासून सूट मिळाली. ही यंत्रणा उपयुक्त आहे. परंतु दिवा लागेपर्यंत दाब बराच घटलेला असतो, म्हणून हाताने मोजण्याची सवय सुटता कामा नये.

काय करावे?

निर्मात्याने ठरविलेला दाब चालकाच्या बाजूच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो. रिकाम्या व भरलेल्या मोटारीसाठी आकडे निराळे असतात. लग्नाचे वऱ्हाड घेऊन निघालेली जीप, कळंबच्या चिंतामणीला जाणारी काळी-पिवळी, मागे दोघांना बसवून चाललेली मोटारसायकल यांना भाराप्रमाणे दाब हवा. मात्र क्षमतेपेक्षा अधिक भार कोणत्याही दाबाने सुरक्षित होत नाही. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा दर्शवितो, भरावयाचा दाब नव्हे.

दाब दर पंधरा दिवसांनी आणि लांबच्या प्रवासापूर्वी मोजावा. स्टेपनीही तपासावी. टायरच्या भिंतीवरील चार अंकांतून त्याचे वय कळते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. भिंतीवर फुगवटा किंवा भेग दिसली तर नक्षी शाबूत असूनही टायर बदलावा. नायट्रोजन भरल्याने हवा किंचित हळू निसटते व आत ओल राहत नाही, हे खरे. परंतु साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला म्हणून तपासणी टाळणे योग्य नव्हे.

चालत्या मोटारीचा टायर फुटलाच तर ब्रेकवर पाय दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट व सरळ धरावे, ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू उचलावा आणि वेग पुरेसा उतरल्यावरच मोटार कडेला घ्यावी.

शाळा, पंचायत आणि कार्यालये

शिक्षकांना हा विषय एका सायकलीच्या साह्याने शिकविता येईल. मागच्या टायरला खडूची ओली पूड लावून, सायकलवर विद्यार्थ्याला बसवून, चाकाचा ठसा आलेखाच्या कागदावर उमटवावा. ४० पौंड दाबाने, चाकावर ४५ किलो भार असताना, ठसा सुमारे १६ चौरस सेंटिमीटर यावयास हवा. हवा निम्मी केली की तो जवळपास दुप्पट होतो. चौकोन मोजताना भार, दाब आणि क्षेत्रफळ यांचे नाते विद्यार्थ्यांना आपोआप उमगते आणि घरी जाऊन ते वडिलांच्या मोटारसायकलची हवा तपासावयास लावतात.

ग्रामपंचायतीला गावातील पंक्चरच्या दुकानी एक अचूक दाबमापक ठेवण्याची व्यवस्था करता येईल. त्यासाठी मोठा खर्च येत नाही. शाळेतील मुलांची ने-आण करणाऱ्या वाहनांची टायर तपासणी दर महिन्याला शाळा व्यवस्थापन समितीसमोर व्हावी व तिची नोंद ठेवावी. कापसाच्या हंगामापूर्वी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची तपासणी करावी. शेतात चालविण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये कमी ठेवलेली हवा रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढताना वाढवावी लागते, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. शासकीय कार्यालयांतील वाहनांच्या नोंदवहीत इंधनाबरोबर टायरच्या दाबाचाही रकाना असावा. अपघाताचा पंचनामा करताना फुटलेल्याच नव्हे, तर शाबूत राहिलेल्या टायरमधील दाबही नोंदविला गेला, तर जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला खऱ्या कारणांपर्यंत पोहोचणे सुलभ होईल.

रस्ता बांधावयास शासन लागते, वाहन बनवावयास कारखाना लागतो. टायरमधील हवा मोजावयास पाच मिनिटे आणि एक लहानसे उपकरण पुरते. घरातील माणसे मोटारीत बसण्यापूर्वी ही पाच मिनिटे ज्याने खर्च केली, त्याने आपल्या हाती असलेली सुरक्षितता दैवावर सोपविली नाही, असे म्हणता येईल.